अजून तयार नाही

उबुंटू या लिनक्सवर आधारलेल्या संगणकप्रणालीच्या आवृत्तीचा क्रमांक म्हणजे सरळ वर्ष आणि महिना. ऑक्टोबर २००४ मध्ये आलेली पहिली आवृत्ती ४.१०, मग ५.०४, मग ५.१०. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबर, ठरलेलं. या सगळ्या रांगेत एकच क्रमांक वाकडा आहे, तो म्हणजे ६.०६. ती आवृत्ती खरं तर एप्रिल २००६ मध्ये यायची होती. पण दीर्घ मुदतीचा पाठिंबा मिळणारी ती त्यांची पहिलीच आवृत्ती, तेव्हा आणखी सहा आठवडे घासूनपुसून १ जूनला बाहेर काढायची असं ठरलं. क्रमांकच तारखेचा असल्याने उशीर झाकायला जागा नव्हती. तो नावातच बसला. त्यानंतरच्या सगळ्या आवृत्त्या पुन्हा ०४ आणि १० वरच आल्या.

हा क्रमांक मला आवडतो, कारण एरवी सॉफ्टवेअरचा उशीर असा राजरोस हिंडत नाही. तो घोषणांच्या भाषेतून ओळखावा लागतो. टिपणं ठेवण्याच्या ज्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीसाठी मी ताटकळत होते, तिला आधी तारीख होती. तारीख टळली, महिना उरला. महिनाही उलटला, तेव्हा ‘वर्षअखेरीपर्यंत’ आलं आणि शेवटी ‘तयार झाली की’. मुदत पातळ होत गेली तसतशी सोबतची दिलगिरी मात्र लांबत गेली.

वाट होती ती सिंकची, म्हणजे दोन यंत्रांवरच्या प्रती एकसारख्या ठेवण्याच्या सोयीची. माझी टिपणं दोन यंत्रांवर असतात आणि जुन्या आवृत्तीचा त्याबाबतचा कायदा एका ओळीचा होता: जी प्रत शेवटी सेव्ह झाली ती खरी. दोन्हीकडे एकाच टिपणात लिहिलं, की एकीकडचं लिखाण बिनबोभाट गायब. नव्या आवृत्तीत परिच्छेदागणिक बदल ओळखून दोन्ही प्रती जुळवल्या जाणार होत्या. गंमत अशी, की जुन्या कायद्याखाली मी वर्षानुवर्षं सुखाने नांदत होते. एक यंत्र बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की काही बिघडत नसे. नवी आवृत्ती येणार असं कळलं आणि त्या दिवसापासून तेच पथ्य जाचायला लागलं. अपडेटच्या घोषणेने हातातली धडधाकट वस्तू जुनी होऊन जाते, आणि नवी तर अजून कुणी दिलेली नसते. ‘अपडेट तपासा’ हे बटण मी याच काळात दाबू लागले. प्रोग्राम रोज आपणहून तपासतोच, आपल्या दाबण्याने काही लवकर येत नाही, हे पक्कं ठाऊक असूनही. ‘तुमच्याकडे सर्वांत नवी आवृत्ती आहे’ असं उत्तर यायचं. वाक्य अक्षरशः खरं होतं, म्हणून त्याचा जास्तच राग यायचा.

बीटा, म्हणजे चाचणीसाठी आधीच दिली जाणारी कच्ची आवृत्ती, खुली झाली तेव्हा मी लगोलग नाव घातलं. त्यात चाचणीबिचणीचा हेतू नव्हता, निव्वळ हावरटपणा होता. बहुतेकांचा तोच असतो. १३ सप्टेंबर २००० ला ॲपलने मॅक ओएस टेनची सार्वजनिक बीटा काढली, तेव्हा तिच्यासाठी २९.९५ डॉलर मोजावे लागत होते. वर तिला मुदत होती. मे २००१ मध्ये ती आपोआप चालेनाशी होणार होती. म्हणजे वस्तू अर्धीकच्ची, तीही परत घेतली जाणारी, तिच्यातले दोष आपण शोधून द्यायचे आणि पैसेही आपणच भरायचे. लोकांनी भरले. दाराबाहेर उभं राहून वाट बघण्यापेक्षा आत शिरून बघितलेली बरी, असं वाटणाऱ्यांची जात जुनीच आहे. उलट टोकाला जीमेल. १ एप्रिल २००४ ला आलेल्या त्या सेवेवरची ‘बीटा’ ही पाटी थेट जुलै २००९ मध्ये उतरली. तोवर कोट्यवधी लोक तिच्यावर रोजचा पत्रव्यवहार करत होते, आणि पाटीकडे बघायचं सगळ्यांनीच सोडून दिलं होतं.

आमच्या बीटाची पाटी मात्र गंभीर होती. पहिल्याच पानावर लिहिलेलं: रोजच्या खऱ्या टिपणांवर वापरू नका. हा इशारा प्रत्येक बीटात असतो, आणि तो पाळला तर बीटाचा फारसा उपयोग होत नाही. नमुन्याला म्हणून बनवलेल्या पाच-दहा टिपणांत काय सापडणार? बग, म्हणजे प्रोग्राममधले दोष, राहतात ते जुन्या, अडगळीच्या फायलींत: कुठूनतरी चिकटवलेल्या तक्त्यात, शीर्षकात प्रश्नचिन्ह घातलेल्या टिपणात, यंत्राचं घड्याळ बिघडलेलं असताना सेव्ह झालेल्या आणि म्हणून तारीख १९७० दाखवणाऱ्या नोंदीत. (युनिक्सच्या घराण्यातली यंत्रं वेळ १ जानेवारी १९७० पासून मोजतात, त्यामुळे वेळ हरवलेली फाईल थेट तिथे जाऊन बसते.) तेव्हा सगळ्या टिपणांचा बॅकअप घेतला, तो दुसऱ्या डिस्कवर उघडून बघितला आणि मग खरीच टिपणं बीटाच्या हवाली केली. उघडून बघणं महत्त्वाचं. न उघडलेला बॅकअप म्हणजे फक्त आशा. आणि परतीचा रस्ता नव्हता: नव्या आवृत्तीने एकदा डेटाबेस उघडला, की ती त्याची मांडणी बदलायची, आणि मग जुनी आवृत्ती त्याला ओळख दाखवत नसे.

आत गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की नवीन काय आहे हे वाचण्यात फार राम नाही. वाचायची ती माहीत असलेल्या दोषांची यादी. नवा बिल्ड, म्हणजे बीटाची पुढची ताजी प्रत, आला की मी आधी तिथे जाई. प्रामाणिक यादी असेल तर आवृत्ती किती लांब आहे हे तिच्यावरून कळतं, तारखेवरून कळत नाही. आमची यादी आधी आखडत गेली, मग एका बिल्डला अचानक फुगली. मला धसका बसला. पुढे उमगलं, की त्या आठवड्यात बीटा आणखी लोकांना खुली झाली होती. दोष वाढले नव्हते, डोळे वाढले होते. आणि ज्या बिल्डच्या टिपणीत फक्त ‘किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा’ एवढंच असतं, त्या लिहिणाऱ्याला त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये बग शोधायला बसवावं असं माझं मत आहे. काय दुरुस्त झालं हे सांगितलंच नाही, तर दुरुस्त झालं का हे बघायचं कुणी आणि कसं?

मग तो बग आला. यंत्र झोपेतून जागं झालं, की एखादं टिपण कधीकधी जुन्या अवस्थेत परत जायचं. आदल्या संध्याकाळी लिहिलेला परिच्छेद नाही, आणि कसली चूक झाल्याची सूचनाही नाही. मी कळवलं. उत्तर आलं: ‘आमच्याकडे असं होत नाही. नेमक्या पायऱ्या द्याल का?’ वाक्य सभ्य होतं, तरी झोंबलं. पण थोडं शांत झाल्यावर पटलं, की ‘कधीकधी’वर कुणी काम करू शकत नाही. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, या तीन ओळी लिहिता येत नसतील तर आपल्याकडे बग नाही, तक्रार आहे.

त्यांनी सविस्तर लॉग, म्हणजे प्रोग्राम काय काय करतो याची नोंद, चालू ठेवायला सांगितलं. लॉग चालू केला आणि बग नाहीसा झाला. बंद केला, की दोन दिवसांत हजर. हा काय चावटपणा, असं वाटलं, पण कारण साधं निघालं. जागं झाल्यावर प्रोग्राम दोन कामं एकदम काढायचा: इथले राहिलेले बदल वर पाठवणं, आणि तिथली ताजी प्रत खाली आणणं. दोघांपैकी कुणी आधी पोचायचं हे कुणी ठरवलेलंच नव्हतं. लॉग लिहिण्यात जाणाऱ्या क्षणभराने खाली आणणारं काम मागे पडायचं आणि क्रम आपोआप बरोबर लागायचा. म्हणजे तपासणी चालू असेतोवर बग शहाण्यासारखा वागणार. प्रोग्रामर मंडळी अशा बगला हायझेनबग म्हणतात.

पायऱ्या शेवटी सापडल्या. नेटवर्क तोडायचं, टिपणात एक ओळ घालायची, झाकण मिटायचं. दुसऱ्या यंत्रावर त्याच टिपणात वेगळी ओळ घालायची. मग पहिलं यंत्र उघडून, नेटवर्क जोडलं जाण्याच्या आत, ते टिपण बंद करायचं. पहिली ओळ गेली. पुन्हा केलं, पुन्हा गेली. दर वेळी जायला लागली तेव्हा मला जो आनंद झाला तो जरा विचित्रच म्हणायचा. आपलं लिखाण हमखास पुसलं जातंय, याचा तो आनंद होता.

पायऱ्या पाठवल्यानंतर बिल्ड येणं थांबलं. आणि काही दिवसांनी घोषणा झाली, की डेटा हरवण्याची शक्यता असलेला एक दोष आढळल्याने आवृत्ती पुन्हा पुढे ढकलली आहे. हा दोष आणखीही कुणी कळवला असेल, मला ठाऊक नाही, पण वर्णन माझ्याच बगचं होतं. बाहेर वाट बघणारे वैतागले. अजून किती घोळ, वगैरे. सहा महिन्यांपूर्वी मीही त्यांच्याच सुरात सूर मिसळला असता. आता मला धास्ती उलट होती: वैतागाला भिऊन यांनी आहे तशीच काढली तर? वाट बघणारा आणि चाचणी करणारा यांच्यात खरा फरक हा आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. वाट बघणाऱ्याला फक्त तारीख दिसते, आणि तारखेच्या मागे सगळी चालढकलच दिसते. आत असलेल्याला काय राहिलंय ते दिसतं. त्याच्या लेखी उशीर म्हणजे कुणीतरी ‘थांबा’ म्हणालं आणि ते ऐकलं गेलं.

ऐकलं गेलं नाही तर काय होतं, याचं विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. २ ऑक्टोबरला ती बाहेर पडली आणि ६ तारखेला मायक्रोसॉफ्टला तिचं वाटप थांबवावं लागलं, कारण काही जणांच्या फायली अपडेट घेताना पुसल्या गेल्या होत्या. ज्यांनी आपलं डॉक्युमेंट्ससारखं फोल्डर दुसरीकडे हलवलं होतं, पण जुन्या जागीही काही फायली ठेवल्या होत्या, असे ते लोक. आधीच्या आवृत्तीत हलवलेल्या फोल्डरांच्या रिकाम्या जोडप्रती मागे राहतात, अशी वापरणाऱ्यांची तक्रार होती. म्हणून ती रिकामी फोल्डरं साफ करणारा कोड घातला गेला, आणि त्याने रिकामी नसलेलीही साफ केली. तक्रार ऐकून केलेली दुरुस्तीच अंगाशी आली. त्याहून वाईट म्हणजे, बीटा वापरणाऱ्यांपैकी काहींनी फायली गेल्याचं आधीच कळवलं होतं. पण दोष कळवण्याच्या त्या यादीत वर येत होत्या त्या जास्त लोकांनी दुजोरा दिलेल्या नोंदी, आणि या दोषाचा फटका बसलेले तर मूठभर. मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यानुसार फायली गेल्याच्या तक्रारींचं प्रमाण एका टक्क्याचा शंभरावा भाग होतं. त्या मूठभरांची नोंद तळाशी राहिली. अपडेट पुन्हा सुरू झाली ती १३ नोव्हेंबरला, आणि दोष कळवताना तो किती गंभीर आहे हे सांगायचीही सोय त्याआधी, ऑक्टोबरमध्येच, झाली. बटणाचा रंग चुकला तर हजार जणांना दिसतो. दहा जणांचं लिखाण गेलं तर ते दहाच दिसतात. मतं मोजून कुठला दोष आधी घ्यायचा ते ठरवू नये, एवढं त्या प्रकरणावरून कुणीही सांगेल.

क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेच्या कंपनीच्या १९ जुलै २०२४ च्या प्रकरणात तर थांबा म्हणायला मध्ये कुणी नव्हतंच. धोके ओळखण्यासाठी लागणारी एक छोटी माहितीची फाईल, ती टप्प्याटप्प्याने न जाता सगळीकडे एकदम गेली. ७८ मिनिटांत मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रं कोलमडली होती, आणि त्यातली कितीतरी हाताने एकेक करून उठवावी लागली. विमानं जमिनीवर राहिली. बिचाऱ्या यंत्रांनी वेळेवर अपडेट घेतली, एवढाच त्यांचा गुन्हा.

म्हणून प्रत्येक उशिराला सलाम ठोकावा, असं मात्र नाही. काही उशीर नुसते सडके असतात. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली. तिच्यानंतरची, लाँगहॉर्न या टोपणनावाची आवृत्ती इतकी पसरत गेली, की २००४ च्या ऑगस्टमध्ये बरंचसं काम बाजूला सारून विंडोज सर्व्हर २००३ च्या पायावर नव्याने मांडावं लागलं, आणि शेवटी व्हिस्टा या नावाने ती सर्वसामान्यांच्या हाती पडली ती ३० जानेवारी २००७ ला. ‘ड्यूक न्यूकम फॉरेव्हर’ हा खेळ १९९७ मध्ये जाहीर झाला आणि २०११ मध्ये आला. अशा ठिकाणी माणसं वाढवून वेळ भरून काढू म्हणावं, तर तेही चालत नाही. फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्येच सांगून ठेवलं आहे, की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. आयबीएमच्या ओएस/३६० या संगणकप्रणालीचं काम त्याने सांभाळलं होतं, तेव्हा त्याला हे चटके बसून कळलं होतं.

हे दोन उशीर बाहेरून ओळखायचे कसे? मी बिल्ड बघते. जिंप या चित्रांच्या प्रोग्रामची २.१० ही आवृत्ती २०१८ च्या एप्रिलमध्ये आली आणि ३.० थेट मार्च २०२५ मध्ये. मोठा भाग जीटीकेची नवी पिढी आत बसवण्याचा होता. जीटीके ही खिडक्या, बटणं वगैरे दाखवायला लागणाऱ्या तयार कोडची लायब्ररी, मुळात जिंपसाठीच बनवलेली. ती इतकी पुढे निघून गेली, की जिंप तिच्या तिसऱ्या पिढीवर पोचेपर्यंत चौथीही येऊन चार वर्षं झाली होती. ऐकायला हे हास्यास्पद आहे. पण मधल्या काळात, २०२० पासून, २.९९ या मालिकेतल्या चाचणी-आवृत्त्या येत होत्या. कुणालाही उतरवून घेता येत होत्या, मोडून बघता येत होत्या. असा उशीर मी आनंदाने सोसते. काहीच बाहेर येत नाही आणि फक्त तारखा येतात, तिथे मी वाट बघणं सोडून पर्याय शोधते.

आता पुष्कळांनी यावर तोड काढली आहे: आवृत्ती ठरल्या वेळेलाच सोडायची, जे तयार नसेल ते पुढच्या गाडीने. लिनक्सच्या कर्नलचं, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याचं, असंच चालतं. नवं काम आत घ्यायला दोन आठवडे, मग दर रविवारी एक आरसी (पक्की होण्याआधीची चाचणी-आवृत्ती), साधारण सातव्या आरसीनंतर पक्की आवृत्ती. मन मानत नसेल तर आठवी, म्हणजे उशीर आठवड्याभराचा. मला ही पद्धत पटते, कारण तिथे कुठल्या आवृत्तीत काय असेल याचं वचन दिलेलंच नसतं. जिथे वचनही द्यायचं असतं आणि गाडीही वेळेवर सोडायची असते, तिथे मात्र उशीर आवृत्तीकडून फीचरकडे सरकतो, एवढंच. ॲपलने जून २०२४ मध्ये सिरी या आपल्या बोलक्या मदतनिसाचं नवं, वैयक्तिक माहिती समजून घेणारं रूप दाखवलं. आवृत्त्या वेळेवर येत राहिल्या. सिरीचं ते रूप मात्र मार्च २०२५ मध्ये ‘येत्या वर्षात’वर गेलं. क्रमांकावर याचा कुठेही डाग नाही. ६.०६ चा प्रामाणिकपणा मला म्हणूनच जास्त भावतो.

आमच्या प्रोग्रामचे शेवटचे आठवडे कंटाळवाणे गेले, आणि ते तसेच जावेत. नव्या गोष्टी घ्यायचं बंद झालं होतं. आरसी आली, दुसरी आली, दोन्हींत मला काही सापडलं नाही. रोज लिहायचं, झाकण मिटायचं, उघडायचं, ओळ जागेवर आहे का बघायचं. कुठलीही गोष्ट बिघडत नाही हे तपासत बसण्याचा उत्साह फार टिकत नाही, त्यामुळे नेमक्या या टप्प्यावर बीटातले निम्मेअधिक लोक गप्प होतात. त्यांना सगळं ठीक चाललंय, की ते वापरायचेच थांबलेत, हे प्रोग्राम करणाऱ्यांना कसं कळणार? मी ‘या बिल्डमध्ये अडचण आली नाही’ असंही कळवायला लागले. त्याला उत्तर येत नसे, यायची गरजही नव्हती.

आवृत्ती बाहेर पडली त्या दिवशी माझ्या यंत्रावर काहीच झालं नाही. शेवटची आरसी हीच पक्की आवृत्ती होती, बिल्डचा क्रमांकसुद्धा तोच. इतके दिवस ज्या बटणावर राग काढला ते दाबलं, तर ‘तुमच्याकडे सर्वांत नवी आवृत्ती आहे’. माहीत असलेल्या दोषांच्या यादीत अकरा नोंदी शिल्लक आहेत, त्यातली एक माझी. तक्ता कॉपी करून चिकटवला की त्याची शेवटची ओळ गळते. गंभीर नाही, पायऱ्या साध्या आहेत, दर वेळी होतं. तिच्यावर पुढच्या आवृत्तीची चिठ्ठी लागली आहे, आणि पुढच्या आवृत्तीला अजून तारीख नाही. तोवर मी तक्त्याखाली एक रिकामी ओळ घालून मग कॉपी करते.